चाळीस मीटर

पहाटे पाचला लिमाचं आभाळ जमिनीवर उतरतं.
पाऊस नव्हे तो, नुसता ओलसर राखाडी श्वास.
वायपर एकदा फिरवायचा,
की पोकलेन खोकत खोकत जागं होतं.
अठरा वर्षं ही माती उकरतोय मी.
कुठे रेती, कुठे गोटे,
लिव्हरच्या थरथरीतून तळहाताला कळतं.
त्या दिवशी कळलं ते निराळंच :
बकेटचे दात
कापसात रुतले.

खाली उतरलो.
गाठोडं. गुडघे छातीशी घेऊन बसलेलं कुणीतरी,
दोरानं आवळलेलं, नीटनेटकं,
लांबच्या प्रवासाचं सामान बांधावं तसं.
शेजारी भोपळ्याचं भांडं, त्यात शेंगदाण्याची टरफलं.
माझ्याही डब्यात त्या दिवशी शेंगदाणेच होते.

मुकादम साल्दान्या काठावरून म्हणाला,
"तेओदोसियो, कुणी पाहिलं नाही ना? लोट माती."
एक ढकल. तीन सेकंदांचं काम.
खरं सांगतो, हात लिव्हरवर गेला होता.
हा चर कुणाच्या पोहण्याच्या तलावासाठी नव्हता,
आमच्याच वस्तीसाठी होता.
वाकाच्या मागच्या उतारावर,
(वाका म्हणजे जुन्या लोकांचा मातीचा डोंगर;
पोरपणी पुठ्ठ्यावर बसून आम्ही त्यावरून घसरायचो)
पत्र्याच्या घरात आई निळ्या पिंपापाशी बसते,
टँकरच्या हॉर्नकडे कान लावून.
बावीस वर्षं नळ "येतोय".

मी फोन केला.
का केला, ते अजून धड सांगता येत नाही.

ग्रिमानेसा न्याउपारी आली, कुंचले आणि सुतळी घेऊन.
काम थांबलं. वस्ती खाली उतरली.
"मेलेल्यांना वाली आहे," फोर्तुनाता ओरडली, "आणि तहानलेल्यांना?"
रिकामी बादली तिनं चरात भिरकावली.
तो आवाज बराच वेळ राहिला.
माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. आईसुद्धा.

ग्रिमानेसानं बादली उचलून काठावर ठेवली
आणि एक कच्ची वीट दाखवली.
विटेत पाच बोटं उमटलेली.
फोर्तुनातानं आपला पंजा त्यात घातला.
अंगठा जरासा बाहेर राहिला, बाकी बरोबर बसलं.
"बाईचाच हात," ती म्हणाली. मग थांबून,
"चिखल कालवायचा म्हणजे पाणी लागतं.
हिनं कुठून आणलं असेल?"
कुणालाच माहीत नव्हतं.
ग्रिमानेसालाही नव्हतं, आणि तिनं तसं सांगितलं.

नकाशावर नळाची रेघ सरळ होती.
वळवायची तर चाळीस मीटर जास्त, दोन कोपर.
इंजिनियर म्हणाला, दाब कमी होईल.
"आत्ता शून्य आहे," फोर्तुनाता म्हणाली,
"त्यातून किती कमी करणार?"

त्याला सात महिने लागले.
सात महिन्यांत आईनं टँकरवाल्याला किती सोल मोजले
ते तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. पुसत नाही.
पहिल्या दिवशी तोटी फिरवली,
आधी हवा आली, मग गंजाचा रंग, मग पाणी.
"उशीर लावला," आई म्हणाली.
"वळसा घालून आलंय," मी म्हणालो.
ती हसली नाही. पिंप मात्र उलटं करून ठेवलं.

आणि गेल्या मंगळवारी
नवा रस्ता करणाऱ्यांनी रात्रीतून
वाकाचा उत्तरेकडचा कोपरा कापून नेला.
सकाळी पाहिलं तर कापलेल्या भिंतीत
विटाच विटा, आणि प्रत्येकीवर बोटं,
जणू आतून कुणी ढकलत होतं.
ग्रिमानेसा फोटो काढत होती. बोलत नव्हती.

ते यंत्र कुणी चालवलं, मला ठाऊक आहे.
बकेटच्या खुणा ओळखतो मी, अक्षर ओळखावं तसा.
दुपारी तो भेटला, नाक्यावर, चहाच्या गाडीपाशी.
मी त्याला ग्रिमानेसाचा नंबर लिहून दिला.
त्यानं घेतला, घडी घातली, खिशात ठेवला.

त्याच्या घरी पिंप कुठल्या रंगाचं आहे,
ते विचारायचं धाडस झालं नाही.